चंबळपलीकडचे तीन दिवस
(मंडळाच्या गणेशोत्सवात, २०२५ साली तिसऱ्या दिवशी संध्याकाळी केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच ठिकाणाहून आपल्या एका सभासदांनी त्यांची दुबईची सहल सांगितली होती. शुक्रवारी रात्री विमान, शनिवारी दिवसभर शहर, संध्याकाळी गाण्याचा मोठा कार्यक्रम आणि रविवारी परत. ते ऐकून आमच्या हिनं घरी गेल्यावर तीन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलणं ठेवलं होतं. या वर्षी सांस्कृतिक समितीनं मला सांगितलं, की तुम्हीही तशाच एखाद्या सहलीवर बोला, पंधरावीस मिनिटं. मी म्हटलं, माझा पासपोर्ट कोरा आहे. पण शनिवार-रविवारला जोडून सहल आणि तिथंच गाणं, एवढंच हवं असेल तर मी एक करून आलेलो आहे. परदेश म्हणाल तर जुन्या हिशोबानं तोही होताच. आपण राहतो जयपूर संस्थानात आणि मी गेलो शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात. या दोघांचे संबंध एके काळी कसे होते ते इथल्या लोकांना चांगलं आठवतं. १७८७ साली महादजी शिंद्यांची आणि जयपूरवाल्यांची लढाई झाली ती इथंच, तुंग्याला. बस्सीच्या पुढं. माझ्या हाताखालचा एक ट्रॅकमेंटेनर त्याच भागातला आहे, तो मला अजून अधूनमधून त्यावरून टोमणा मारतो.

तर सहल सांगण्याआधी, कशासाठी गेलो ते सांगायला हवं. गेलो आमच्या आबांसाठी. आबा म्हणजे माझे वडील. आज ते पहिल्या रांगेत बसलेले आहेत. त्यांच्याविषयी मी जे बोलणार आहे ते त्यांना ऐकू जाणार नाही, म्हणून जरा मोकळेपणानं बोलतो.

आम्ही मूळचे मिरजेचे. आबा रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि कीमन म्हणून २००६ साली रिटायर झाले. त्यांची बरीचशी नोकरी मिरज-पंढरपूर या छोट्या लाइनीवर गेली. मिरज हे एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांच्या गाड्या येणारं स्टेशन होतं, हे आपल्यातल्या रेल्वेच्या मंडळींना ठाऊक असेल. आता सगळं ब्रॉडगेज झालं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, की कीमन म्हणजे रोज सकाळी हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन पाच-सहा किलोमीटर रूळ पायी तपासत जाणारा माणूस. निघालेली चावी ठोकायची, ढिला बोल्ट आवळायचा. आबा सांगायचे, की चावी बघायला लागत नाही, हातोडा मारला की कानाला कळतं. घट्ट असेल तर आवाज खणखणीत येतो, ढिली असेल तर बद्द येतो. मी सिव्हिलचा डिप्लोमा करून, परीक्षा देऊन इंजिनिअर म्हणून लागलो, २००३ साली इथं आलो. उत्तर पश्चिम रेल्वे तेव्हा नवीनच सुरू झाली होती. माझ्याकडं तपासणीची साधनं आहेत, अल्ट्रासॉनिक मशीन आहे, पण तसा कान काही मला मिळाला नाही.

आबांचं दुसरं वेड गाण्याचं. मिरजेत हे वेड कुणालाही लागू शकतं, त्याला शिक्षण किंवा पैसा लागत नाही. गावात सतारमेकर गल्ली आहे. तिथं तंबोरे आणि सतारी करतात, त्याचे भोपळे पंढरपूरकडून येतात. आबांच्याच लाइनीवरून यायचे ते! आणि मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. दरवर्षी उरसात त्यांच्या आठवणीसाठी रात्र रात्र गाणं होतं. तिकीट नाही, काही नाही. खाँसाहेब १९३७ साली वारले तेसुद्धा रेल्वेच्या फलाटावर. मद्रासकडून पाँडिचेरीला चालले होते, वाटेत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनवर उतरले आणि तिथंच गेले. आबांना ही गोष्ट फार जवळची वाटते. ते ड्यूटीवरून आले की अंगावरचा खाकी शर्ट तसाच ठेवून दर्ग्यात जायचे, मला खांद्यावर घेऊन. मी अर्ध्या तासात झोपायचो. राग वगैरे त्यांनाही कळत नाही. पण ते भजनात पखवाज वाजवायचे, त्यामुळं ताल पक्का. मला मांडीवर घेऊन बसले, की माझ्या गुडघ्यावर समेला थाप मारायचे. झोपेत असलो तरी मारायचे.

माझी आई २०२० साली गेली आणि २०२१ मध्ये मी आबांना जयपूरला आणलं. इथली हवा त्यांना मानवली, भाषा मानवली नाही. शेजारी चांगले आहेत, पण 'राम-राम सा'च्या पुढं आबांचं बोलणं जात नाही. अशात कुठल्याशा वर्तमानपत्रात त्यांनी तानसेन समारोहाचा फोटो पाहिला आणि मला विचारलं, "हे ग्वाल्हेर हितनं किती लांब रं?" मी म्हटलं, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. ते म्हणाले, "मग एकदा नेऊन आण. मिरजंला गाणं आलं ते तिथनंच."

ही गोष्ट खरी आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला वासुदेवबुवा जोश्यांकडे शिकले आणि ती ख्यालगायकी घेऊन आपल्या भागात आले. पुढं मिरजेला त्यांच्यापाशी विष्णू दिगंबर पलुसकर शिकले आणि त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आणि ज्याला आपण 'जयपूर घराणं' म्हणतो, त्याचंही तसंच. अल्लादिया खाँसाहेब जन्मले उणियाऱ्याला, म्हणजे जुन्या जयपूर संस्थानात, आणि नाव झालं कोल्हापूरला, शाहू महाराजांच्या दरबारात. म्हणजे गाणं इकडून आपल्याकडं गेलं आणि आपण नोकरीसाठी तिकडून इकडं आलो. वाटेत कुठंतरी क्रॉसिंग झालं असणार.

तर आबांनी हे विचारलं २०२१ च्या डिसेंबरात. समारोह डिसेंबरातच असतो. आणि डिसेंबर म्हणजे पी-वेच्या माणसाला सगळ्यात वाईट महिना. थंडीनं रूळ आकसतो, वेल्ड तुटतात, रात्रीची गस्त लावावी लागते, त्यात धुकं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी. २०२२ मध्ये सेक्शनवर मोठं काम होतं, पुन्हा पुढच्या वर्षी. २०२३ मध्ये हिच्या भावाचं लग्न. कुणी मला रजा नाकारली असं नाही. खरं सांगायचं तर मी अर्जच केला नव्हता. मला वाटायचं, समारोह काय, दरवर्षी असतोच की.

समारोह दरवर्षी होता, पण आबांचा कान तसा राहिला नाही. २०२१ मध्ये ते टीव्हीचा आवाज थोडा मोठा करून ऐकायचे. २०२३ च्या शेवटी डाव्या कानानं जवळजवळ काही नाही आणि उजव्याला यंत्र. डॉक्टरांनी सांगितलं, वयोमानानं आहे, यंत्रानं बोलणं कळेल, गाण्याचं काही सांगता येत नाही. दवाखान्यातून परत येताना स्कूटरवर मागं बसून आबा म्हणाले, "आता ग्वाल्हेरला जाऊन काय करायचं." रागावून म्हणाले नाहीत. हिशोब मिटवल्यासारखं म्हणाले. मला मात्र ते लागलं.

२०२४ चा समारोह शंभरावा होता. १९२४ साली माधवराव शिंद्यांनी तानसेनच्या उरसाला गाण्याचा मोठा उत्सव सुरू केला, तेव्हापासूनचा. १५ ते १९ डिसेंबर अशा तारखा जाहीर झाल्या आणि १५ तारखेला रविवार आला. मी त्याच दिवशी सी. एल.चा अर्ज दिला, फक्त सोमवारची एक. शनिवार-रविवार माझ्या जागी सेक्शन सांभाळायला आपल्यातलेच एक सहकारी तयार झाले. ते इथं बसलेले आहेत, त्यांचे जाहीर आभार. आबा नको म्हणत होते. मी म्हटलं, गाण्यासाठी नाही, किल्ला बघायला जायचं. तर म्हणाले, मग माझा पास मी काढणार. रिटायरमेंटनंतर त्यांना वर्षाला मिळतो तो पास. तो स्लीपरचा, म्हणून आम्हीही सगळे स्लीपरनंच गेलो.

उदयपूरहून खजुराहोला जाणारी गाडी आहे, ती सकाळी जयपूरहून निघते आणि दुपारी ग्वाल्हेरला पोचवते. दौसा, बांदीकुई, भरतपूर, आग्रा. बांदीकुई-आग्रा ही राजस्थानातली पहिली रेल्वे, १८७४ ची, हे मी मुलाला सांगितलं. त्यानं मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. आबा खिडकीशी बसून बाहेरचे खांब मोजत होते. धौलपूरच्या पुढं चंबळ लागली. दोन्ही बाजूंना ती सगळी मातीची खिंडारं. आबांनी विचारलं, "डाकू हितंच व्हते काय?" आणि शेजारच्या प्रवाशांनी, हिंदी भाषिक होते तरी, 'डाकू' एवढा एक शब्द ऐकून पुढचा अर्धा तास माहिती दिली. आबांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. पण ते मान डोलवत राहिले.

शनिवारी दुपारी सामान टाकून जयविलास राजवाडा पाहिला. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधलेला. दरबार हॉलमध्ये दोन प्रचंड झुंबरं आहेत, एकेक साडेतीन टनांचं. छत पेलेल का हे बघायला आधी वर हत्ती चढवले होते, असं सांगतात. लोड टेस्टची ही पद्धत आमच्या पुस्तकात नाही! पण आम्हा रेल्वेवाल्यांसाठी बघण्यासारखी वस्तू आहे ती भोजनगृहात. टेबलावर रूळ मांडलेले आणि त्यावर चांदीची आगगाडी. डब्यांवर शिंद्यांच्या नावाची इंग्रजी अक्षरं, डब्यांत मद्याच्या बाटल्या आणि चिरूट. गाडी पाहुण्यांसमोरून फिरायची आणि बाटली उचलली की थांबायची. एकदा मोठ्या साहेबांसमोर ती बिघडून सगळं त्यांच्या अंगावर सांडलं, अशीही गोष्ट आहे. आबांनी वाकून टेबलाचा कोपरा बघितला आणि म्हणाले, "वळणाला भाईरचा रूळ उचलल्याला न्हाई. सांडणारच."

माधवरावांना रेल्वेचं भारी वेड. ग्वाल्हेरहून श्योपूरपर्यंत दोनशे किलोमीटरची, दोन फुटी रुळांची गाडी त्यांच्याच काळात झाली. आबांची छोटी लाइन अडीच फुटी, ही त्याहून अर्ध्या फुटानं लहान. २०२० च्या मार्चपर्यंत ती चालत होती, गच्चीवर माणसं बसवून. लॉकडाउनमध्ये थांबली ती परत सुरू झाली नाही, तिथं आता ब्रॉडगेज होत आहे. आबांना ती बघायची होती. मी त्यांना सांगितलं, बंद झाली. ते म्हणाले, "आपलीबी झालीच की." मनात म्हटलं, २०२१ साली आलो असतो तरी गाडी मिळाली नसतीच. पण गाणं मिळालं असतं.

त्याच माधवरावांनी १९१८ मध्ये भातखंड्यांच्या मदतीनं ग्वाल्हेरात संगीत विद्यालय काढलं. राजाभैय्या पूछवाले, कृष्णराव शंकर पंडित ही सगळी तिथली मराठी घरातली माणसं. लष्करच्या जुन्या गल्ल्यांतून फिरताना दारांवर आडनावं वाचत जावं, मिरजेत असल्यासारखं वाटतं. आमची ही तर एका दारापुढं थांबून राहिली, आतून फोडणीचा वास ओळखीचा येत होता म्हणून.

रविवारी सकाळी आम्ही हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी गेलो. गौस मुहम्मदांची मोठी, दगडी जाळ्यांची कबर आहे आणि तिच्या आवारात तानसेनची लहान, खांबांची, चारी बाजूंनी उघडी. शेजारी चिंचेचं झाड. त्याची पानं चघळली की गळा गोड होतो, म्हणून गवई ती खातात. आताचं झाड मूळचं नव्हे म्हणतात. आबांनी खाली पडलेलं एक पान उचलून तोंडात टाकलं आणि म्हणाले, "गळ्याला गुण आसंल. कानाला न्हाई."

समारोहाची सुरुवात सकाळी जुन्या पद्धतीनं होते. आधी सनई, मग ढोलीबुवांची हरिकथा, मग मीलाद आणि चादर. ढोलीबुवा म्हणजे ग्वाल्हेरातला नाथपंथी मठ, कीर्तनाची परंपरा आपल्याकडची. सकाळची वेळ, गर्दी बेताची, थंडी मात्र कडाक्याची. आबा पुढं जाऊन अगदी जवळ उभे राहिले. बोलणं त्यांना यंत्रातून कळत होतं. कीर्तनकार बुवा आणि त्यांच्यानंतर मौलवी, एकाच जागी. मला वाटलं त्यांना नवल वाटेल. ते म्हणाले, "आपल्या दर्ग्यात असतंय तसंच हाय." टोपी नीट केली आणि चादरीच्या मागं चार पावलं चालून आले.

त्या दिवशी किल्ल्यावर ५४६ कलाकारांनी नऊ वाद्यं एका वेळी वाजवून विक्रम केला, गिनीज बुकात नोंद झाली. मुलाला तिकडं जायचं होतं. आबांना गर्दीत नेणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवर गेलो. जून १८५८ मध्ये त्या इथंच पडल्या. तिथं मुलानं पहिल्यांदा मोबाइल खिशात ठेवला, एवढंच सांगतो.

आता संध्याकाळचं सांगतो.

समाधीच्या आवारात मोठा मंडप होता. प्रवेश मोफत, पुढं गाद्या, मागं खुर्च्या. आम्ही लवकर जाऊन पुढची जागा धरली. आधी संगीत महाविद्यालयातल्या मुलांचं ध्रुपद झालं, सोबत पखवाज. आबा सरसावून बसले. पण दोनच मिनिटांत त्यांनी कानाला हात लावला. स्पीकर मोठे, त्यात यंत्र शिट्टी मारायला लागलं. कमी केलं तर काहीच येईना, वाढवलं तर नुसता गोंगाट. मी त्यांच्या कानाशी वाकून यंत्राचं बटण फिरवत बसलो. शेजारचे लोक बघायला लागले. मग आबांनी शांतपणे यंत्र काढलं, रुमालात गुंडाळलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. माझ्याकडं बघून हातानं खूण केली, राहू दे.

मंडळी, मी रेल्वेत वाईट दिवस पाहिले आहेत, पण त्या वेळी मला जे वाटलं ते कुणाला वाटू नये. समोर हजारो लोक ऐकत आहेत आणि ज्याच्यासाठी आलो तो माणूस स्वेटर घालून नुसता बसला आहे. तीन डिसेंबर मी घालवले होते. ही म्हणाली, "अहो, आपण उठू या का? आबांना थंडी वाजेल." मी उठायलाच लागलो होतो.

तेवढ्यात ख्याल गाणारे गवई येऊन बसले. आबांनी माझी बाही ओढली. म्हणाले, "तिकडं सरकू. तबलजी दिसंना." आम्ही चौघं लोकांच्या माफ्या मागत बाजूला सरकलो. तिथून तबलजीचे दोन्ही हात दिसत होते.

विलंबित एकताल होता. बारा मात्रा, पण इतक्या संथ की मला समजायचं नाही कुठं सुरू झाली आणि कुठं संपली. आबांची नजर तबलजीच्या बोटांवर. अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत होते. पहिलं आवर्तन गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि त्याच क्षणी गवई समेवर आले. मला वाटलं योगायोग. पुढच्या आवर्तनाला पुन्हा तसंच. मग मी गवयाकडं बघायचं सोडून आबांच्या हाताकडंच बघत बसलो. एकही सम चुकली नाही. सव्वाशे रुपयांचं बटण फिरवत बसण्यापेक्षा हे आधी सुचायला हवं होतं.

मध्ये मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, कसं कळतं? ते ओरडूनच म्हणाले, कारण ऐकू न येणारा माणूस हळू बोलू शकत नाही, "चौथ्याला आन् धाव्याला तिरकिट असतंय. बोटं पळत्यात. दुसरं तिरकिट झालं की त्या पुढं दोन मात्रा, मग सम!" पुढच्या रांगेतल्या दोन-तीन जणांनी वळून बघितलं. मराठी होते. त्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांनी आबांना नमस्कार केला आणि तिथून पुढं तेही समेला मागं वळून बघायला लागले, आबांची थाप पडते का ते. द्रुत सुरू झाल्यावर मला वाटलं आता चुकणार. द्रुतात ते गवयाच्या हाताकडंही बघत होते, तानेला हात वर जातो, समेला खाली येतो. तिहाई आली तेव्हा आबांनी तीन थापा मारल्या आणि तिसरी मारून हात माझ्या गुडघ्यावरच ठेवला. सगळा मंडप टाळ्या वाजवत होता.

रात्री उशिरा खोलीवर परतलो. मी विचारलं, "आबा, ऐकू आलं का काही?" यंत्र घातलेलं होतं तेव्हा. म्हणाले, "आलं न्हाई. पर गाणं झालं की."

मी खोटं सांगणार नाही. तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर त्यांना आवाजही मिळाला असता. हे मी त्यांना परतीच्या गाडीत बोलून दाखवलं. ते म्हणाले, "पावसाळ्याआधी गिट्टी टाकायची ती टाकली न्हाई, आता आळवणी कर. रूळ तर हाय न्हवं?" आणि खिडकीकडं वळले. म्हणजे माफ केलं असंही नाही, बोलणं संपवलं. आमच्या घरात असंच बोलणं होतं.

सोमवारी सकाळचा किल्ला राहिला. मानसिंह तोमरांचा महाल, निळ्या फरशांची बदकांची नक्षी, सास-बहू मंदिर, डोंगरात कोरलेल्या जैन मूर्ती. चतुर्भुज मंदिराच्या भिंतीवर इसवी सन ८७६ मधलं शून्य कोरलेलं आहे, ते आपल्यातल्या मुलांनी बघायलाच हवं. महालाच्या तळघरात आम्ही तिघं उतरलो, आबा वर उन्हात शेंगा खात बसले. किल्ला नीट बघायचा तर पूर्ण दिवस हवा, आम्ही तीन तासांत उरकला, ती चूक करू नका. दुपारच्या गाडीनं निघून रात्री जयपूर. मंगळवारी सकाळी मी सेक्शनवर होतो. रात्रीत कुठंही रूळ तुटला नव्हता.

आता कामाचं बोलतो, कारण अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडं बघितलेलं आहे. आपल्या मंडळातून येत्या डिसेंबरात पंधरा-वीस जणांनी एकत्र जावं असं मी सुचवतो. आरक्षण आता साठ दिवस आधीच मिळतं, म्हणजे ऑक्टोबरातच हालचाल करावी लागेल. राहण्याची सोय स्टेशनजवळ स्वस्तात होते, कार्यक्रमाला पैसे नाहीत. स्वेटर, कानटोपी आणि बसायला एक जाड सतरंजी घ्यावी, गादी गार पडते. दिवस वाढवता आला तर शेवटच्या दिवशी सकाळी तानसेनच्या गावी, बेहटला, नदीकाठी गाणं होतं. तिथं एक कललेलं शिवमंदिर आहे. तानसेनच्या आवाजानं कललं म्हणतात. पाया खचला असावा, असं माझं मत, पण आबांना स्वतः बघून ठरवायचं आहे.

नावं आज आरतीनंतर प्रसादाच्या टेबलापाशी माझ्याकडं द्यावीत. वयस्कर मंडळींनी खालची बर्थ हवी का ते लिहावं. वही तिथं ठेवलेली आहे, पहिलं नाव आबांनी स्वतः लिहून झालेलं आहे.

गणपती बाप्पा मोरया!